डुकराला लस लागत नाही म्हणे!

सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. घोडबंदर रोडच्या आमच्या ग्रुपवर तो आला, कोपरखैरण्याला माहेरच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आला, आणि लॅबमधल्या मैत्रिणीनेही ‘हे बघ, तुझा विषय’ म्हणून पाठवला. मजकूर असा:

“डुक्कर उकिरड्यावर जगतं, गटारात लोळतं, पण कधी आजारी पडलेलं पाहिलंय? त्याला कोण लस टोचतं? शास्त्रज्ञांना नुकतंच कळलंय की डुकराच्या रक्तात जन्मतःच ‘डबल पॉवर’ पेशी असतात, सीडी४ आणि सीडी८ दोन्ही एकाच पेशीवर! माणसाकडे त्या नाहीत. घाणीत राहून त्या वाढतात, लसींनी आणि आरओच्या पाण्याने मरतात. फार्मा कंपन्या हे लपवतात. म्हणूनच आता डुकराचं हृदय माणसाला बसवतात. मुलांना टोचण्यापेक्षा मातीत सोडा. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.”

खाली अंगठे आणि जोडलेले हात. त्यांच्या गर्दीत बी-विंगमधल्या एका नव्या आईचा प्रश्न: “खरं आहे का हे? गुरुवारी बाळाचा नऊ महिन्यांचा डोस आहे.” तिला कोणी उत्तर दिलं नाही. लगेच खाली शनिवारच्या पाणीकपातीची नोटीस आली आणि विषय वाहून गेला.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि आता ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका लॅबमध्ये फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशी एकेक करून तपासणारं यंत्र, चालवते. म्हणजे डुक्कर आणि सीडी४ या दोन्हींशी माझी जुनी ओळख. (सीडी४, सीडी८ ही रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावरच्या, खुणेसारख्या रेणूंची नावं.) मेसेजमधली एक गोष्ट खरी आहे: तशा पेशी डुकराच्या रक्तात खरोखर असतात, भरपूर असतात. गंमत अशी की तीच एक खरी गोष्ट बाकीच्या सगळ्या मेसेजच्या मुळावर येते. पण तिथे पोहोचायच्या आधी सोपी वाक्यं निकालात काढू.

“कधी आजारी पडलेलं पाहिलंय?” हो, पाहिलंय. स्वाइन फीव्हर (यालाच क्लासिकल स्वाइन फीव्हर म्हणतात) झालेली डुकरं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडतात, कारण तापाने अंगात हुडहुडी भरलेली असते. समोर खाणं ओतलं तरी उठत नाहीत, आणि जेवणाला न उठणारं डुक्कर दिसलं की पशुवैद्याला थर्मामीटर लावायच्या आधीच अंदाज येतो. मग कानांची टोकं, पोट, मांडीच्या आतली कातडी जांभळी पडू लागते. ओढून उभं केलं तर मागचे पाय लटपटतात. कळपात पिल्लं आधी जातात. हा आजार माणसाला होत नाही, त्यामुळे त्याची बातमी होत नाही. (स्वाइन फ्लू वेगळा. २००९ मध्ये पुण्या-मुंबईला मास्क घालायला लावले तो. फ्लू डुकरांनाही होतो. ताप, खोकला, मलूल पडणं, आणि बहुतेक वेळा आठवड्याभरात पुन्हा उठून खाणं.)

त्याहून वाईट आफ्रिकन स्वाइन फीव्हर. नावं सारखी, विषाणू पूर्णपणे वेगळे. भारतात तो पहिल्यांदा २०२० च्या सुरुवातीला अरुणाचल प्रदेश आणि आसाममध्ये सापडला. त्याचा जहाल प्रकार शिरला की कळपातलं जवळजवळ प्रत्येक जनावर जातं. चीनमध्ये तो ऑगस्ट २०१८ मध्ये पोहोचला आणि वर्षभरात तिथल्या डुकरांची संख्या एक तृतीयांशाहून जास्त घटली. याशिवाय लाळ्या-खुरकूत आहे, श्वसन आणि प्रजनन बिघडवणारा पीआरआरएस आहे, लेप्टोस्पायरामुळे होणारे गर्भपात आहेत, पिल्लांना वाळवून टाकणारा सर्कोव्हायरस आहे. यादी वाढवत नाही.

मग नाल्याकाठी आपल्याला सगळी धडधाकट डुकरंच का दिसतात? कारण उरलेली दिसायला शिल्लक नसतात. मोकाट वाटणाऱ्या बहुतेक डुकरांना मालक असतो. एखादं मलूल दिसलं की तो ते उचलून नेतो आणि मरायच्या आत विकून टाकतो. पिल्लं पहिल्या काही दिवसांत आईच्या अंगाखाली चिरडून, उपासमारीने, जुलाबाने जातात, आणि कुत्री-कावळे मागे काही ठेवत नाहीत. जी जगतात ती साधारण वर्षाच्या आतबाहेर कापली जातात. नीट सांभाळलं तर डुक्कर पंधरा वर्षं जगू शकतं, पण त्याचं म्हातारपण आपल्यापैकी कोणी पाहिलेलंच नसतं. जे वाचले त्यांचीच हजेरी घ्यायची आणि म्हणायचं, बघा, कोणी मरतच नाही!

गटारात लोळण्याचं म्हणाल, तर त्यात रोगप्रतिकारशक्तीचा काही संबंध नाही. डुकराला घामाने अंग थंड करता येत नाही, म्हणून ते ओलं व्हायला जागा शोधतं. स्वच्छ पाणी आणि पुरेशी जागा दिली तर ते झोपायच्या जागी घाणसुद्धा करत नाही. गटार ही त्याची आवड नसून आपण त्याच्यासाठी शिल्लक ठेवलेला पर्याय आहे.

“त्याला कोण लस टोचतं?” सरकार टोचतं. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने लाळ्या-खुरकुताविरुद्ध जी देशव्यापी मोहीम सुरू केली, तिच्यात गाई-म्हशी-शेळ्या-मेंढ्यांबरोबर डुकरंही धरली होती. क्लासिकल स्वाइन फीव्हरची लस आपल्याकडे कित्येक दशकं बनतेय. पूर्वी ती सशांमध्ये वाढवलेल्या विषाणूपासून करत, पुढे इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने पेशी-संवर्धनावर बनणारी लस तयार केली. परदेशातल्या मोठ्या फार्मवर तर आईचं दूध सुटायच्या सुमारास पिल्लांना सर्कोव्हायरस आणि मायकोप्लाझ्मा या फुप्फुसाच्या जीवाणूची लस ठरलेलीच असते. तुर्भ्याच्या नाल्याकाठच्या डुकराला मिळत नसेल, तर ती त्याची ताकद नाही, हलगर्जी आहे.

आता मुख्य मुद्दा. “जन्मतःच डबल पॉवर पेशी असतात.”

इथे मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःशीच भांडण उकरून काढलंय: एका वाक्यात पेशी जन्मतः असतात, दुसऱ्यात त्या घाणीत राहून वाढतात. दोन्ही तपासू. पण त्याआधी नुकतं जन्मलेलं पिल्लू काय घेऊन येतं ते बघू, कारण ते कळलं तर ‘जन्मतः’ हा शब्द कोणी डुकराच्या बाबतीत वापरणार नाही.

माणसाच्या बाळाला आईच्या प्रतिपिंडांचा साठा पोटात असतानाच वारेतून मिळतो. डुकराची वार वेगळी आहे. आईचं रक्त आणि पिल्लाचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे सहा थर असतात आणि प्रतिपिंडं त्यातून पार होत नाहीत. एकशे चौदा दिवस पोटात राहून पिल्लू बाहेर येतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडं जवळजवळ शून्य. त्याचं सगळं नशीब चिकावर. हो, आपण ज्याचा खरवस करतो तो चीक, फक्त इथे डुकरिणीचा. पहिल्या दिवसभरात पोटात गेला तर आतड्यातून प्रतिपिंडं अख्खीच्या अख्खी रक्तात जातात. साधारण चोवीस ते छत्तीस तासांत ते दार बंद होतं. आठ-दहा भावंडांच्या रेटारेटीत ज्याला सड मिळाला नाही, ते पिल्लू फार दिवस काढत नाही. निसर्गातल्या ‘सुपर इम्युनिटी’वाल्या प्राण्याची ही सुरुवात!

बरं, प्रतिपिंडं उसनी आली. पेशी तर स्वतःच्या असतात ना? असतात, पण कोऱ्या.

टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार, तयार होतात थायमस ग्रंथीत. माणसात ती छातीच्या हाडामागे असते. डुकराच्या पिल्लाचं शवविच्छेदन करताना गळ्याची कातडी बाजूला केली की श्वासनलिकेच्या दोन्ही अंगांनी, जबड्याच्या कोनापासून छातीत उतरेपर्यंत एक फिकट, मऊ, दाणेदार पट्टा दिसतो. पहिल्यांदा पाहणारे विद्यार्थी त्याला लाळग्रंथी समजतात किंवा चरबी समजून कापून टाकतात. तोच थायमस. अस्थिमज्जेतून आलेल्या बाल-पेशी इथे वाढतात. येताना त्यांच्यावर ना सीडी४ असतं ना सीडी८. मग मधल्या टप्प्यात दोन्ही एकदम उगवतात. इथे परीक्षा होते: तुझा रिसेप्टर (पेशीवरचा, समोरचं ओळखणारा रेणू) शरीराच्या स्वतःच्या ओळख-रेणूंशी जुळतो का? अजिबात नाही जुळला तर पेशी मरते. फारच घट्ट चिकटला तरी मरते, कारण तशी पेशी पुढे स्वतःच्याच शरीरावर उलटू शकते. या गाळणीतून बहुतांश पेशी बाद होतात. ज्या उरतात त्यांतल्या ओळख-रेणूंच्या दुसऱ्या वर्गाशी जुळलेल्या पेशी सीडी८ टाकून देतात आणि सीडी४ ठेवतात, त्या मदतनीस. पहिल्या वर्गाशी जुळलेल्या सीडी४ टाकतात; त्या मारेकरी.

म्हणजे दोन्ही खुणा असलेल्या पेशी तुमच्या-माझ्या थायमसमध्येही असतात. आपली प्रत्येक मदतनीस पेशी कधीकाळी ‘डबल’ होती. “माणसाकडे नाहीत” हे वाक्य इथेच अर्धं पडतं.

मदतनीस पेशी स्वतः फारसं कोणाला मारत नाहीत. त्या बी-पेशींना चांगली प्रतिपिंडं बनवायला लावतात, मारेकरी पेशींना बळ देतात, भक्षक पेशींना चेतवतात. एचआयव्हीमध्ये याच पेशी जातात आणि सगळी यंत्रणा कोसळते, एचआयव्हीचे उपचार देणाऱ्या एआरटी सेंटरवर “सीडी४ किती आला?” म्हणून विचारतात ती याच पेशींची मोजणी.

आता पिल्लाच्या रक्ताकडे. माझ्या मशीनमध्ये रक्तातल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात. सीडी४ ला एक चमकणारा रंग चिकटवलेला असतो, सीडी८ ला दुसरा. प्रत्येक पेशी स्क्रीनवर एक ठिपका. आडव्या अक्षावर सीडी४, उभ्यावर सीडी८. माणसाचं रक्त लावलं की उजवीकडे खाली मदतनिसांचा दाट पुंजका, डावीकडे वर मारेकऱ्यांचा, आणि वरचा उजवा कोपरा, जिथे दोन्ही खुणांच्या पेशी यायला हव्यात, जवळजवळ मोकळा. तिथे शंभरात एक-दोन ठिपके दिसले तर दिसले. नवजात पिल्लाचं रक्त लावलं तरी तो कोपरा असाच रिकामा असतो. मोठ्या डुकराचं लावा, आणि खालच्या उजव्या पुंजक्यातून ठिपक्यांचा एक लोंढा वर चढलेला दिसतो. अगदी वरच्या टोकापर्यंत जात नाही. मारेकऱ्यांइतकं चमकदार सीडी८ त्यांच्यावर नसतं, त्यामुळे अलीकडेच रेंगाळतो. पण असतो मोठा, आणि डुक्कर जितकं वयाने मोठं तितका हा लोंढा भरलेला.

तर ‘जन्मतः’ चूक. त्या नंतर येतात. कुठून येतात?

कोऱ्या मदतनीस पेशीवर फक्त सीडी४ असतं. ती रक्तातून लसिकाग्रंथींत फिरत राहते. (डुकराच्या लसिकाग्रंथींची रचना आतली बाहेर, बाहेरची आत अशी उलटी असते; फार मजेशीर प्रकरण आहे, पण तो वेगळा लेख.) एके दिवशी तिला तिच्या रिसेप्टरशी नेमका जुळणारा, कुठल्यातरी जंतूचा तुकडा दाखवला जातो. ती जागी होते आणि भराभर विभागते. तिच्या वंशातल्या बहुतेक पेशी लढाई संपल्यावर मरतात, थोड्या मागे राहतात, आणि पुढच्या वेळी तोच जंतू आला तर या उरलेल्या पेशी खूप लवकर कामाला लागतात. यालाच स्मृती म्हणतात. इथवर माणूस आणि डुक्कर सारखेच. फरक इतकाच की डुकरात जागी झालेल्या मदतनीस पेशीवर सीडी८ चा एक भाग उगवतो आणि स्मृतिपेशीवर तो टिकून राहतो. तोही मारेकऱ्यांवरचा नव्हे. मारेकरी पेशीवर सीडी८ च्या अल्फा आणि बीटा अशा दोन वेगळ्या साखळ्यांची जोडी असते. इथे नुसत्या अल्फा-अल्फा. त्यामुळे सीडी८ दिसलं म्हणून मदतनीस पेशी मारेकरी होत नाही, ती मदतनीसच राहते.

मतदान केल्यावर बोटाला लावतात त्या शाईसारखं आहे हे. शाईमुळे मताचा अधिकार मिळत नाही, मत देऊन आल्याचं कळतं. डुकराच्या पेशीवरचं हे सीडी८ म्हणजे ती एकदा जंतूला भेटून आली याची खूण. मेसेज लिहिणाऱ्याने शाईलाच अधिकार समजलंय.

मग माणसाचं काय? आपल्याही स्मृतिपेशी असतातच, प्रौढ माणसाच्या रक्तात मदतनीस पेशींचा मोठा वाटा त्यांचाच. त्यांच्यावरची खूण वेगळी एवढंच. आपल्या कोऱ्या पेशीवर सीडी४५ या रेणूचं आरए नावाचं रूप असतं, अनुभवी पेशीवर बहुधा आरओ. मशीनमध्ये तो रंग घातला की माणसाच्या रक्तातही दोन पुंजके वेगळे होतात. आणि डुकराची खूणही काही जगावेगळी नाही. काही माकडांच्या रक्तातही अशा दुहेरी पेशी वयानुसार वाढताना दिसल्या आहेत.

व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या मंडळींनी हे आणखी बारकाईने उलगडलं. त्यांनी सीडी२७ नावाची तिसरी खूण घेतली. दुहेरी पेशींपैकी ज्यांच्यावर सीडी२७ टिकून आहे त्या लसिकाग्रंथींकडे परतणाऱ्या, सावकाश पण भरपूर विभागू शकणाऱ्या मध्यवर्ती स्मृतिपेशी. ज्यांनी ते टाकलं त्या फुप्फुस, आतडं अशा आघाडीच्या जागी जाणाऱ्या, चेतवलं की इंटरफेरॉन-गॅमा हा इतर पेशींना जागं करणारा संदेश-रेणू पटकन सोडणाऱ्या पेशी. म्हणजे पेशी कोरी, मग जागी, मग मध्यवर्ती स्मृती, मग आघाडीवरची, हा प्रवास तीन रंगांत स्क्रीनवर दिसतो. उंदरांवर काम करणाऱ्यांना हेवा वाटावा इतकं सोयीचं आहे हे, असं माझं मत.

“घाणीत राहून त्या वाढतात.” यात तथ्याचा अंश आहे, आणि तो नाकारायचं कारण नाही. पूर्णपणे निर्जंतुक खोलीत, एकही जीवाणू न भेटता वाढवलेल्या पिल्लांच्या रक्तात या दुहेरी पेशी नावापुरत्याच असतात, त्यांची लसिकाग्रंथींची वाढही खुरटलेली असते. जंतूंशी गाठ पडल्याशिवाय स्मृती बनत नाही, हे उघडच आहे. मुलांनी मातीत खेळावं, मीही माझ्या मुलाला उपवनला नेऊन सोडते. पण ‘पेशी वाढतात’ यावरून ‘प्राणी बलवान होतो’ इथवर उडी मारायची नाही, कारण स्मृती सुटी असते. एका जंतूची स्मृती दुसऱ्याच्या कामाला सहसा येत नाही.

त्याचा सगळ्यात कठोर पुरावा आफ्रिकन स्वाइन फीव्हरच देतो. तीन-चार वर्षांची, दोन-चार वेती झालेली गावठी डुकरीण घ्या. आयुष्यभर उकिरड्यावर जगली, रक्तात दुहेरी पेशींचा महापूर. त्या विषाणूला तिच्या पेशी कधी भेटलेल्या नाहीत, म्हणून ती एक-दीड आठवड्यात मरते. मेसेजचं गणित खरं असतं तर ती शेवटपर्यंत टिकायला हवी होती. दुसऱ्या टोकाला पीआरआरएसचा विषाणू: त्याच्याविरुद्ध पेशी तयार होतात, रक्तात सापडतातही, आणि तरी विषाणू टॉन्सिल आणि लसिकाग्रंथींत कित्येक महिने तळ ठोकून राहतो. नुसत्या पेशी मोजून संरक्षण मोजता येत नाही.

शिवाय ही ‘घाणीतली’ स्मृती कमावताना प्रत्येक वेळी आजाराची किंमत मोजावी लागते. स्क्रीनवर लोंढा दिसतो तो ती किंमत मोजून जगलेल्यांचा. आणि आपल्या पावसाळ्यात गटाराचं पाणी म्हणजे लेप्टो, हे २६ जुलै २००५ नंतरचे आठवडे ज्यांनी मुंबई-ठाण्यात काढलेत त्यांना सांगायला नको. पाण्यातून चालून आल्यावर महापालिकेने गोळी घ्यायला सांगितली, तर गोळी घ्यायची. मातीत खेळणं आणि नाल्यात उतरणं या दोन गोष्टी आहेत.

आता ज्या वाक्यामुळे हा लेख लिहावा लागला ते: “लसींनी त्या मरतात.”

लस काय करते? जंतूचा निरुपद्रवी केलेला तुकडा किंवा कमजोर केलेला जंतू त्या कोऱ्या मदतनीस पेशीला दाखवते. पेशी जागी होते, विभागते, स्मृती मागे ठेवते. डुकरात ती स्मृती कुठे दिसते? त्याच वरच्या उजव्या कोपऱ्यात. २०१५ मध्ये व्हिएन्नाच्याच गटाने पिल्लांना सर्कोव्हायरसची लस दिली आणि रक्त तपासत राहिले. लस दिलेल्या पिल्लांत त्या विषाणूला ओळखून इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ-अल्फा हे दोन्ही संदेश-रेणू सोडणाऱ्या मदतनीस पेशी उगवल्या, तेही खरा विषाणू द्यायच्या आधीच. त्या पेशींवर सीडी४ होतं आणि सीडी८ अल्फाही होतं. म्हणजे मेसेजमधल्या ‘डबल पॉवर’ पेशी, लसीने घडवलेल्या. डुकराची लस लागू पडतेय का हे पाहणारे लोक याच पेशी शोधतात. लसीविरुद्ध साक्ष द्यायला उभा केलेला साक्षीदार लसीचाच निघाला.

स्मृतिपेशी खरोखर मारणारी एक गोष्ट आहे, आणि नऊ महिन्यांचा डोस नेमका तिच्याचविरुद्ध असतो: गोवर. गोवराचा विषाणू ज्या रेणूला पकडून पेशीत शिरतो तो स्मृतिपेशींवर मुबलक असतो, त्यामुळे तो आधी त्यांनाच गाठतो. मूल गोवरातून उठतं, पण आधी कमावलेली कितीतरी स्मृती पुसली गेलेली असते. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं, तेव्हा त्यांच्या जुन्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. लस घेतलेल्या मुलांत अशी घट दिसली नाही. म्हणजे मातीत खेळून मुलाने जे काही कमावलं असेल, ते राखायचं असेल तर गोवराची लस हवीच.

हे दूरचं नाही. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ आली, मग भिवंडीत, मालेगावात. आपल्याच जिल्ह्यात मुलं दगावली. त्या वेळी साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस आणि जिथे नऊ महिन्यांखालच्या बाळांत रुग्ण जास्त होते तिथे सहा महिन्यांच्या बाळांनाही लस द्यायची वेळ आली.

नऊ महिनेच का, असंही बी-विंगमधल्या त्या आईने नंतर मला खाली पार्किंगमध्ये विचारलं. “काकू, आधी का नाही देत?” कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असेपर्यंत ती लसीतल्या विषाणूलाही पकडतात आणि पेशींना शिकायला मिळत नाही. ती ओसरायची वाट पाहायची, पण फार नाही, नाहीतर मधल्या फटीत खरा गोवर शिरतो. डुकराच्या पिल्लांची लस ठरवतानाही हेच त्रैराशिक मांडावं लागतं, फक्त तिथे प्रतिपिंडं चिकातून आलेली असतात. तिला सांगितलं, गुरुवारी डोस घे, आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा दुसरा कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेव. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात दोन्ही फुकट मिळतात.

आरओच्या पाण्याने टी-पेशी मरतात, याला उत्तर द्यायचं तर आधी आरोप काय आहे ते कळायला हवं. पाणी पोटात जातं, पेशी रक्तात असतात. पुढे.

“शास्त्रज्ञांना नुकतंच कळलंय” आणि “फार्मा कंपन्या लपवतात.” डुकराच्या विश्रांत टी-पेशींवर सीडी४ आणि सीडी८ एकत्र सापडतात हे जर्मन संशोधकांनी १९८७ मध्ये छापून जाहीर केलं. तेव्हापासून यावर शेकडो निबंध आलेत, या पेशी ओळखायची रसायनं कॅटलॉगमधून विकत मिळतात, आणि ती विकणाऱ्या कंपन्याच आहेत. इतकं उघड्यावरचं गुपित मी तरी पाहिलेलं नाही.

राहिलं हृदय. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या रुग्णालयात डुकराचं हृदय एका माणसाला बसवलं, हे खरं. ते डुकराच्या पेशींच्या ताकदीमुळे नव्हे. डुकराचे अवयव आकाराने आपल्याला जुळतात, ते लवकर वाढतं, आणि त्याच्या जनुकांत बदल करता येतात. त्या डुकरात दहा बदल केले होते, त्यातले बरेचसे आपल्या प्रतिकारशक्तीने त्या हृदयावर तुटून पडू नये म्हणून. शिवाय रुग्णाच्या स्वतःच्या मदतनीस पेशी ज्या रेणूच्या मार्फत बी-पेशींना चेतवतात, तो सीडी४० चा मार्गच औषधाने बंद ठेवावा लागला. रुग्ण सुमारे दोन महिने जगला. नंतर तपासणीत त्या हृदयात डुकरांचा सायटोमेगॅलोव्हायरस सापडला. ते डुक्कर गटारात नव्हे, बंदिस्त, काटेकोर स्वच्छतेच्या जागी वाढवलेलं होतं, आणि विषाणू असेल म्हणून त्याची आधी तपासणीही झाली होती.